दत्तूची डबी

आमची वाडी गुहागरकडची, डोंगराच्या पायथ्याला. लावणीच्या चिखलात अनवाणी उभं राहायचं तर पायाच्या बेचक्यांना खाज ही ठरलेली, तिला कोण आजार म्हणणार, सांगा ताई. त्याच चिखलातनं दुखणं अंगात घेऊन मी पंच्याण्णव साली शारजाला आलो, पण हे मला कळलं चार वर्षांनी.

कंपनीच्या कामगार कँपच्या मेसमध्ये मी कुक, दीडशे माणसांचं जेवण. पोटात जळजळ, जुलाब, कमरेवर लाल रेघ उठायची आणि बघता बघता पुढं सरकायची, वर दम लागायचा. कंपनीचा डॉक्टर पोटाला हात न लावता म्हणाला, ॲलर्जी आहे, कोलंबी बंद. कोकणातल्या माणसाला कोलंबी बंद, काय सांगू तुम्हाला. गोळ्या दिल्या, आठ दिवस बरं वाटलं, मग दुप्पट त्रास.

आता डबीचं ऐका. जेवण करणाऱ्याला दरवर्षी हेल्थ कार्ड, त्यासाठी शौचाची तपासणी. जंत निघाले की कार्ड गेलं, कार्ड गेलं की यल्ला, चल घरी. म्हणून आम्ही पाचही कुक नमुना म्हणून दत्तूची डबी द्यायचो. दत्तू आमच्या खोलीतला प्लंबर, सांगलीचा, पोट एकदम साफ. आम्ही म्हणायचो, दत्तूशेठ, तुमचं पोट सरकारमान्य. तो म्हणायचा, लाईन लावा, एकेक जण या. हसायचो आम्ही. भीतीनं हसायचो, हे लिहा.

वजन उतरायला लागलं तेव्हा शारजातच रोल्ला भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मल्याळी बाई, हिंदीत बोलायच्या. रक्त तपासून म्हणाल्या, इओसिनोफिल नावाच्या पेशी फार वाढल्यात, ॲलर्जीत वाढतात आणि आतड्यात जंत असले तरी वाढतात, शरीर दोघांवर सारखंच चिडतं, तीच खाज, तोच दम. पण कार्डाचा रिपोर्ट साफ आहे, म्हणजे ॲलर्जीच, कंपनीच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांचा डोस वाढवते. पेन उचललं आणि थांबल्या. म्हणाल्या, या गोळ्या शरीराची ती चीडच दाबतात, आत जंत असतील तर त्यांना रान मोकळं, फुफ्फुसापर्यंत पसरतात, माणूस जातो. ये सँपल आपका ही है ना?

गावाला दोन पोरी शाळेत. इकडं दत्तू, बाकीचे चार कुक, माझ्या तोंडून नाव फुटलं तर सगळेच विमानात. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं.

मेरा नहीं है, मी म्हणालो. किसका है, वो मत पूछो.

त्यांनी नाही विचारलं. माझी खरी तपासणी केली, जंत निघाले, मातीतनं पायात शिरणारे, वर्षानुवर्षं आत राहणारे. आधीच्या गोळ्या बंद करवल्या, जंतांचं औषध दिलं, महिन्याभरात पोट शांत. पण लॅबमधनं रिपोर्ट कंपनीत पोचला. मी बरा झालोय म्हणून दुसरा कागद दाखवला, तर कँप बॉस बघायलाच तयार नाही, म्हणाला, किचन खलास, साईटवर जा. विमानात घातलं नाही हेच उपकार म्हणे. आजाऱ्याला औषध द्यायचं की आजार लपवायला शिकवायचं, एवढं विचारा त्या कंपनीवाल्यांना.

आता चार वर्षं झाली, बांधकामावर उन्हात फळ्या वाहतो. जेवण दुसऱ्याच्या हातचं, मीठ कमी असतं, आमटी पाणचट, पण खाल्लेलं अंगी लागतं. त्या बाईंना देव उदंड आयुष्य देवो.