देवाला विचारलं, शेवंतीला नाही

मंडळी, ऐका! आज एक साधा सवाल टाकतो. देह कुणाचा? — थांबा, लगेच 'देवाचा' म्हणू नका! पाठ केलेलं उत्तर मला नको. दुखतं कुणाला, ते सांगा!

खाडीकाठी लवू तारी होता. मासेमारी करायचा. बायको शेवंती — जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला कॅन्सर झाला. औषधाच्या सलाइनी चढल्या. केस गेले, चव गेली, ते सोसलं. पण बोटं बधिर झाली हो! हातात दोरा आहे की नाही, कळेना.

आणि सल्ले? एक म्हणतो पपईचा पाला, दुसरा म्हणतो हळद! — पखवाजवाले, हसू नका, काल माझ्या गुडघ्याला लेप तुम्हीच सांगितलात!

आजार पुन्हा उलटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवूभाऊ, आणखी औषध देता येईल. दिवस वाढतील, कदाचित नाहीही. नाहीतर नुसतं दुखणं कमी ठेवू, घरी राहू देत. दोघं बोला."

बोलला का? छे! आधी भावाला विचारलं, मग थेट देवळात, कौल लावायला. गुरवानं देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या — उजवी पडली तर हो, डावी तर नाही.

"देवा, औषध पुढं चालवू?"

पडली उजवी! धावत घरी आला.

"शेवंते, देव हो म्हणाला! सोमवारी निघायचं!"

तिच्या मांडीवर अर्धं जाळं. म्हणाली, "देवाला विचारलंत. भावोजींना विचारलंत. मला कधी विचारणार?"



लवू खाली बसला. "सांग."

"बोटांत आत्ता कुठं जीव येतोय. हे जाळं विणायचंय मला. दुखण्याचं औषध आणा, आणि घरी राहू द्या."

"आणि माझं काय गं?"

"ती तुमची भीती. तिच्यासाठी मी किती सुया टोचून घेऊ?"

भाऊ ओरडला, "कौल मोडतोस? लोक म्हणतील, बायकोला मारलं!"

 लवू दारात उभा राहिला. "म्हणू देत. तिनं ठरवलंय."

मग पुन्हा देवळात. "देवा, तुझी कळी खरी. माझा सवाल चुकला. आता एवढंच — तिच्या मागं उभं राहायला बळ देशील?"

गुरवानं कळ्या लावल्या, वळून बघतो — लवू कुठाय? कळी पडायच्या आतच घरी! शेवंती विणतेय, हा बाजूला दोरा सोडत बसलाय.

जाळं पुरं झालं? नाही, मंडळी. ती आधी गेली. आपल्या घरात, त्याच्या मांडीवर. उरलेली कड लवूनं विणली — अशी वाकडी, की मासळीनं हसावं! पण उसवली नाही त्यानं.

आता उद्या म्हणाल, बुवानं औषध सोडायला सांगितलं. खबरदार! ती 'आणखी घेते' म्हणाली असती, तर लवूनं तसंच धावत जाऊन गाडी आणायची होती!

तुमच्या घरी कुणी अंथरुणावर असेल, त्याच्याजवळ बसा. विचारा, 'तुला काय पाहिजे?' — आणि उत्तर येईस्तोवर तोंड मिटा! उत्तर काळजाला टोचलं तर? तर उठून जाऊ नका. दोरा धरा.

धराल ना? मग आता उचला टाळ.