पहिला गिअर

चिंचवड स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे गेनबा ड्रायव्हर होता. त्याची जुनी मोटार दुरुस्त करणारे मिस्त्री तिथंच रांगेत त्याला भेटले.

“मिस्त्री, गाडी बिगडवली तुमी.”

“बिघडवली? गिअरच्या दांड्याचे झिजलेले बुश काढून नवे घातले. आता प्रत्येक गिअर जागच्या जागी पडतो.”

“त्योच तर घोळ हाय. धा वर्सं पयला गिअर शेजारच्याच्या गुडघ्यापाशी घावायचा. आज नवरदेवाला घिऊन निघताना तितंच टाकला, तर गाडी मागं गेली, थेट वाजंत्र्यांच्या ताशावर.”

“अरे देवा! आणि नवरदेव?”

“त्यो काय, तिकिटाच्या खिडकीपाशी. लगनाला आता रेल्वेनं निघालाय.”

मुंडावळ्या सावरत नवरदेव वळून म्हणाला,

“मिस्त्री, तुमी रांगेतनं निघा. सांजच्याला नवरी घिऊन येतो, तवर जुनेच बुश बसवा.”