दोन्ही पाय ठीक

— नाही, रडायचं असेल तर त्या स्टुलावर बसा, चादरींवर नको, आत्ताच धुऊन आल्यात. आणि हुंदके जरा आवरा, डॉक्टरीणबाई. भिंत पातळ आहे, नऊ नंबरच्या खाटेवर सगळं ऐकू जातं. पाय जायचा टेलरकाकांचा आणि रडायचं तुम्ही, ही कुठली रीत?

काय? तुम्ही विचारलं होतं? हो, विचारलंत की, ऐकलंय मी. रोज सकाळी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून — काका, कुठे दुखतंय का? आणि ते रोज म्हणाले, नाही बाई. अहो, नाहीच म्हणणार. पंधरा वर्षं साखर मुरलीय अंगात, तळव्याला काही कळतं का त्यांच्या? मशीनच्या सुईचा मोडका तुकडा रुतलाय आत, त्याच पायाने शिलाई मशीन दामटत होते, आणि पत्ता नाही माणसाला. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला ठाऊक आहे — साखरेच्या माणसाला तोंडाने विचारायचं नसतं. त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, तळवा उलटा करायचा, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायच्या, नाक जवळ न्यायचं. हो, नाक. तोंड काय वाकडं करता? वीस वर्षं लोकांची अंगं पुसतेय, माझं नाक काही झिजलं नाही.

ताप उतरत नाही, ताप उतरत नाही — आणि तुम्ही सगळे त्या काचेच्या खोलीत बसून ताप शोधताय. छातीचा फोटो काढला, लघवी तपासली, रक्त तर इतकं काढलं की मला वाटलं माणूस तापाने नाही, ह्यांच्या सुयांनीच वाळतोय. कुठल्या कुठल्या देशांतल्या तापांची नावं घेत होतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. मोजे काढायचे होते हो, मोजे. दोन हात लागतात त्याला.

थंडी वाजते म्हणून काढू देत नव्हते? आणि तुम्ही ऐकलंत? थंडी कसली, लाज होती ती. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके करणारा माणूस, त्याला आपला वास मारतोय हे कळत नसेल? आज सकाळी मी म्हणलं, काका, तुमचं बाकी सगळं धुऊन झालंय माझं, आता मोज्यांचं कसलं सोवळं? हसले बिचारे. आणि पाय पुढे केला. एवढंच लागलं.

आणि तो तुमचा रोजच्या तपासणीचा कागद. सकाळी सिस्टरने वाचून दाखवला कापाकापीच्या मोठ्या डॉक्टरांना, मी तिथेच होते. शनिवार, दोन्ही पाय ठीक. रविवार, दोन्ही पाय ठीक. काल बुधवारपर्यंत तेच, शब्दाला शब्द. कालचं बघून आज उतरवायचं. आम्ही शाळेत शेजारणीच्या पाटीवरून उतरवलं तर बाई पट्टीने हात सुजवायच्या. तुमची पट्टी त्यांच्या पायावर बसली. एवढी जाड जाड पुस्तकं वाचता, त्यात कुठे लिहिलेलं नाही का, की पांघरूण वर करा म्हणून? लिहिलंय? मग तर बोलायलाच नको. मोज्याच्या तळाला पिवळा डाग होता, ओला. मंगळवारी शर्टाच्या बटणाएवढा होता, आज सगळा —

काय?

मंगळवारी म्हणाले मी? आज म्हणायचं होतं. चादर बदलताना आज —

नका बघू असं. हो, मंगळवारी. मंगळवारी दिसला मला. आणि मी सांगायला आले होते, विसरलात? तुमच्या मोठ्या साहेबांचा राउंड होता, पोरं-पोरी वह्या घेऊन उभ्या, मी म्हणलं, डॉक्टर, त्यांच्या पायाकडे जरा — आणि तुम्ही काय म्हणालात? मावशी, तुम्ही बादली उचला आणि बाहेर व्हा, इथे शिकवणं चालू आहे. सगळी हसली. मीही हसले. बादली उचलली. म्हणलं, शिका. बघू दे ह्या हुशारांना कधी दिसतंय. मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज त्या खाटेजवळनं फडका मारत होते, रोज वास वाढत होता, आणि मी गप्प. सिस्टरला सांगता आलं असतं. मोजा मलाच काढता आला असता. एवढासा मोजा. पण मला तुमची फजिती बघायची होती ना.

दोन दिवस आधी आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं, म्हणाले ते मोठे डॉक्टर. आता घोट्यावरून. तुम्हाला ऐकू आलं, तसं मलाही आलं.

मघाशी काकांनी माझा हात धरला. म्हणाले, मावशी, मशीन एका पायाने चालतं का हो? मी म्हणलं, चालतं. मला काय माहीत चालतं की नाही. मी कधी मशीनवर बसले नाही.

उठा आता. तोंड धुवा. कागदावर खरं लिहा — तुमचंही आणि माझंही, मंगळवार घालून. मग काकांकडे जा आणि हे सगळं सांगा. मला नाही जमायचं ते. जा म्हणलं ना, मला ह्या चादरींच्या घड्या घालायच्यात.