दोन कप चहा

गुहागरची एसटी लागायची होती. रत्नागिरी स्टँडच्या बाकावर दीपालीशेजारी एक म्हातारी आणि तिचा लेक लॅपटॉप उघडून बसले होते. दीपालीचे कान आपसूक तिकडे लागले.

“हा बघ अम्मी, अब्बांचा जुना कॉम्प्युटर. अख्खाच्या अख्खा या नव्याच्या पोटात बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात याला.”

“त्यांचे लाँच-बोटींचे नकाशे?”

“सगळे आहेत.”

“मग यातूनच एखादा तुझ्या भावाला, मुसाला दुबईला पाठव.”

“यातून नको. फार जुना आहे, व्हायरस लगेच धरेल. म्हणून याला नेट दिलंच नाही. पडवीत बसवलाय समज, माजघरात यायचं नाही.”

“नि इतक्यात चालूपण झाला?”

“मेमरी वाढवली ना. आता चार सेकंदांत उघडतो.”

“तुझे अब्बा असताना बटण दाबून स्वयंपाकघरात यायचे. हा चालू होईस्तोवर चहा व्हायचा. दिवसभरात तेवढंच काय ते माझ्याशी बोलायचे.”

एसटी लागली. दीपाली उठली नाही.

“मेमरी कमी करता येते, अम्मी.”

“नेट नको हो जोडूस.”

“नाही जोडत. किती हळू करू?”

“दोन कप चहा उकळेल, इतकं.”