निरोपाचा फ्लेक्स

मी बेंगळुरूला का गेलो न्हाय, ते एकदा ऐकाच.

धाराशिवला मोबाईलच्या दुकानात काम करून म्या दोन वर्सं पैसे साठवले. तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पहिला महिना, समदं बसत होतं. मग घरी सांगितलं. एवढीच चूक झाली.

दुसऱ्या सकाळी बेंबळीच्या स्टँडवर आलो तर वर माझाच फोटो! ‘बेंगळुरूला प्रस्थान केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मी अजून गावातच उभा. खाली शुभेच्छुक म्हणून सगळी भावकी, आणि आमच्या चुलत्याचा, आण्णांचा, फोटो तर माझ्यापेक्षा मोठा.

म्हणलं, "आण्णा, हे काय काढलं तुम्ही?"

"आरं, घरचं पोरगं एवढ्या लांब चाललंय. सत्कार नको व्हय?"

संध्याकाळी फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. भाषणं लई झाली. मला काय माइक मिळाला न्हाय. शेवटी आण्णांनीच जाहीर केलं, "आता सत्कारमूर्तींकडून सगळ्यांना मटणाचं जेवण!"

बघतो तर मागं चुली कवाच पेटलेल्या.

आचारी, मंडपवाला, फ्लेक्सवाला, सगळे पैशाला माझ्याकडंच आले. सत्कारमूर्ती मीच की!

सकाळी खिशात धाराशिवपुरतं एसटीचं भाडं उरलं. म्हणलं, "आण्णा, आता मी जाऊ कशानं?"

आण्णा दात कोरत म्हणले, "अजून दोन वर्सं साठव की. पुढच्या बारीला फ्लेक्सचा खर्च तर वाचला!"