दात येण्याआधीच्या तारखा

अहो, हिरोनं दाढी वाढवली यात माझा काय दोष, सांगा ना! दुसऱ्या सिनेमासाठी वाढवली, ती आणखी तीन आठवडे उतरवता येत नाही, म्हणून आमचं शूटिंग पुन्हा पुढे… चौथ्यांदा! मी सहायक दिग्दर्शक. म्हणजे कुठल्या दिवशी कुठला सीन, कोण हजर, हे भिंतीवर रंगीत पट्ट्या लावून मांडायचं. पट्ट्या काढल्या, पट्ट्या लावल्या. खरं सांगते, मला काही वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. कारण तिसऱ्या दिवसाच्या पट्टीवर आमची लेक आहे. बोळक्या तोंडाचं बाळ हसतं आणि हिरोचं मन पालटतं, असा सीन. मी मुलाखतीला गेले तेव्हा ही कडेवर, कारण घरी सांभाळणार कोण? ती दिग्दर्शकांकडे बघून हसली, आणि ते ओरडले, "हेच! हेच हसू! उद्यापासून दोघी या!" दोघी! नोकरी मला लागली की तिला, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. एवढं कळतं, की ती सिनेमात आहे तोवर तिची दुपटी माझ्या टेबलाखाली. ती गेली की मीही घरी.

आणि बाळांना दात येतात हो!

सर रोज सकाळी विचारायचे, "काय म्हणतंय आमचं बोळकं?" आई फोनवर, "सात महिने झाले, अजून दात नाही? डॉक्टरांना दाखव गं!" मी म्हटलं, "आई, पंचवीस तारखेला तिचा सीन आहे, त्यानंतर येऊ दे." "अगं, दात काय तारीख बघून येतात?"

मंगळवारी भरवताना चमच्यावर टक्कन वाजलं. नवरा नाचला, फोटो काढायला धावला. मी म्हटलं, "गप्प! कुणाला पाठवू नकोस!" पहिला दात बघून आईचे डोळे भरून येतात म्हणे… मला काही वाटलं नाही.

दोन दिवस लपवला. "सर, तिला सर्दी झालीय, हसत नाही." तिसऱ्या दिवशी सरांनी लाडानं गालाला बोट लावलं, आणि हिनं ते कडकडून चावलं!

"हे काय?"

"दात, सर."

"कधीचा?"

"मंगळवारचा."

मी पिशवी भरायला घेतली. लंगोट, बाटली, खुळखुळा… मला काही वाटलं नाही. खुळखुळा तीनदा भरला नि तीनदा बाहेर काढला, तो आपला उगाच.

"थांबा!" सर बोट झटकत ओरडले. "बाळ हसतच नाही! बाळ झोपलंय! हिरो नुसता बघत राहतो! सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, गाढ झोप! किती सोपं झालं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता तुम्हाला म्हणून सांगते, ही मुलगी जन्मल्यापासून दिवसा सलग वीस मिनिटं झोपलेली नाही. टेबलाखाली गप्प दिसते ना, तेव्हा ती टक्क जागी राहून माझ्या वहीची पानं खात असते!

मी काय करणार? नवी पट्टी कापली, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दिवस तिसरा. बाळ झोपलेलं,' आणि खाली सही ठोकली.