पडला असं कुणी म्हणायचं नाही

निवृत्त सैनिकांच्या निवासात थोरल्या दिरांना भेटायला गेले होते. भेटीची वेळ व्हायची होती, म्हणून बाकावर बसून मनातल्या मनात जप करत होते. शेजारीच मोठ्या सिस्टर एका ताठ बसलेल्या आजोबांना विचारत होत्या.

"कॅप्टनसाहेब, तोफवाले काका सकाळी बाथरूममध्ये पडले ना?"

"मी काही पाहिलं नाही."

"खोलीतले तिघंही हेच म्हणाले. पाठ करून घेतलंत वाटतं?"

"शिस्त आहे ती."

"मग चष्मा कसा फुटला त्यांचा?"

"जुना होता."

"अहो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांना. डोकं आपटलं असेल तर आतल्या आत रक्त साचेल. ते मला हात लावू देत नाहीत, तुम्ही तोंड उघडत नाही. मी करू तरी काय?"

"पडला असं तुम्ही लिहिलंत की माणूस खालच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांत जातो. परत वर कोण आलंय आजवर?"

"नियम आहे तो."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग बोलणं संपलं."

"थांबा. आजपासून पडला म्हणून कुणाची खोली बदलणार नाही. झालं समाधान?"

"लेखी द्या."

"धन्य आहे तुमची. घ्या, सहीसकट. आता बोला."

"साडेसहाला पडला. नळावर डोकं आपटलं. दोनदा ओकलाय."

"स्ट्रेचर आणा गं, पळा! कॅप्टनसाहेब, दहा वाजले. साडेतीन तास गप्प बसलात?"

"हुकूम तुम्ही आत्ता बदललात, सिस्टर."